बोटभर आखूड

चौथं कार्ड समोर आलं आणि शिवणवाल्या मावशींनी ओठ घट्ट मिटून घेतले. डावीकडे एक रेघ, उजवीकडे तीन. डावीकडच्या रेघेइतकी लांब तिसरीच होती, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. पण मावशींना "दुसरी" म्हणावं लागणार होतं. दुसरी चांगली बोटभर आखूड होती.

कामच तसं होतं. तयार कपड्यांपुढे शिवणाचं दुकान बंद पडलं, तेव्हा मावशींनी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी धरली. टेबलाभोवती पाच मदतनीस बसायचे आणि शेवटच्या खुर्चीत बाहेरून आलेला नवा माणूस. पाचही जणांनी ठरवून एकच चुकीचं उत्तर द्यायचं. नवा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो की इतरांची री ओढतो, हे प्राध्यापक टिपून घ्यायचे. त्याला खरं काय ते कळू द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

पहिले तीन दिवस मावशी मूग गिळून बसल्या. तीस वर्षं नजरेनं मापं घेतलेल्या बाईला बोटभराचं खोटं बोलताना काय वाटतं, ते शिवणाऱ्यालाच कळेल. घरी धाकट्या बहिणीपाशी त्यांनी कुरकुर केली, तर ती म्हणाली, सांगतील ते बोलावं आणि घरी यावं, उगाच डोकं लावू नकोस.

आज शेवटच्या खुर्चीत बसचा ड्रायव्हर होता, पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. पहिल्या कार्डाला त्याने बरोबर उत्तर दिलं. दुसऱ्याला तो चाचरला. तिसऱ्याला त्याने चष्मा तीनदा पुसला आणि इतरांचंच उत्तर म्हणून टाकलं.

आता चौघं "दुसरी" म्हणून मोकळे झाले. मावशींची पाळी यायच्या आत ड्रायव्हर स्वतःशीच पुटपुटला, "उद्याच डेपोत सांगतो, मला गाडीवरून काढा. शाळेची पोरं असतात गाडीत."

धडधाकट माणसाची रोजीरोटी आपण पाच जणांनी मिळून घालवायची? मावशींना स्वतःचाच संताप आला.

"तिसरी," त्या म्हणाल्या. "तुमचे डोळे ठणठणीत आहेत, दादा. आम्हीच ठरवून खोटं बोलतोय."

प्राध्यापकांनी आवाज न चढवता सांगितलं, की पुढचं कार्ड नीट घ्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. मावशींनी पर्स उचलली. उद्याचं कशाला, आत्ताच चालले, पण आधी या माणसाची माफी मागा, असं त्यांनी ठणकावलं. आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

तेव्हा प्राध्यापक हसले. ड्रायव्हरने चष्मा काढून खिशात टाकला. तो ड्रायव्हर नव्हताच, नाटकांतून कामं करायचा. बाकीचे चौघंही सामील होते. रेघांचा प्रयोग हे नुसतं सोंग होतं. खोटं बोलायच्या कामावर ठेवलेला माणूस दुसऱ्याचं नुकसान होताना पाहून तोंड उघडतो का, हा खरा प्रयोग होता आणि तो मावशींवर चालला होता.

प्राध्यापकांनी एक कागद पुढे केला. असा फसवून प्रयोग केला, की शेवटी खरं सांगून त्या माणसाची सही घ्यावी लागे. सही मिळाली नाही, तर त्याची नोंदच काढून टाकायची, असा नियम होता.

"नाही करणार," मावशी म्हणाल्या.

प्राध्यापकांचा चेहरा उतरला. "तुमच्याआधी ज्यांच्यावर हा प्रयोग केला, त्या सगळ्यांनी सही केली आहे. पण मला तुमचीच सही जास्त हवी आहे."

का, इतरांनी असं काय केलं, असं मावशींनी विचारलं. निकाल छापून येईपर्यंत ते सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं.

"मग राहू द्या. चार दिवस मला मूर्खात काढलंत, आणि वर सही पण मीच देऊ? माझं काही म्हणजे काही वापरायचं नाही."

त्यांनी कागदाचे चार तुकडे करून टेबलावर ठेवले आणि ताठ मानेनं बाहेर पडल्या. घरी बहिणीला सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. बरी जिरवली, असं दोघींचंही मत पडलं.

वर्षभराने प्रयोगाचा निकाल वर्तमानपत्रात आला. बहिणीने तो मोठ्याने वाचून दाखवला: "चाळीस जणांना खोटं बोलायच्या कामावर ठेवलं होतं. समोरचा माणूस आपली नोकरी सोडायला निघाला, तरी त्या चाळीसपैकी एकानेही तोंड उघडलं नाही."