घंटेचे काम

घंटा पहिल्यांदा वाजली ती थेट अध्यक्षांवर, आणि नीरजाताईंना अभिमान वाटला. बारा वर्षे मंडळात मुरलेले अवधूत "म्हणजे काय, की" म्हणाले मात्र, आम्रपालीचे बोट टेबलावरच्या घंटेवर पडले. बोट कचरले नाही.

शनिवार पेठेतल्या या वक्तृत्व मंडळात नव्या सभासदाला पहिले काम घंटेचे मिळे. वक्त्याच्या तोंडी 'म्हणजे', 'आपलं', 'अं' असा भरतीचा शब्द आला की घंटा दाबायची आणि शेवटी प्रत्येकाचा आकडा वाचून दाखवायचा. ते नीट जमले तरच पुढच्या रविवारी पहिले भाषण. हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये तोंड न उघडणाऱ्या आम्रपालीला ते भाषण हवे होते. सहा आठवडे नीरजाताईंनी तिला घडवले होते. "माणूस बघायचा नाही, शब्द ऐकायचा. घंटा भिडस्त असून चालत नाही."

आज तिची आई, चंद्रभागाबाई, येरवड्याहून मुद्दाम आल्या होत्या. सभेच्या शेवटी पाहुण्यांना एक मिनिट देण्याची रीत होती. अवधूत म्हणाले, "या, आपणही दोन शब्द बोला."

चंद्रभागाबाई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"मला काय बोलता येत नाय. ही माझी मुलगी हाय. लहानपणी ही, म्हंजे..."

टिंग.

पाहुण्यांवर घंटा वाजवायची नसते, हे नीरजाताईंनी सांगितलेच नव्हते. राहून गेले होते.

"काय चुकलं का?" चंद्रभागाबाई दचकल्या. मागे कोणीतरी हसले.

"नाही नाही, चालू द्या," अवधूत म्हणाले.

"लहानपणी ही बोलायचीच नाय. शेजारचे म्हणायचे, मुकी हाय का तुमची पोर? मी सांगायचे, बोलंल. आपलं..."

टिंग.

"बोलंल ती. चार लोकांत उभी राहून, म्हंजे..."

टिंग.

नीरजाताईंचा हात अर्धा वर गेला. पण चालू सभेत मध्ये बोलणे शिस्तीत बसत नव्हते. हात चष्म्यापर्यंत गेला, चष्मा सारखा करून मांडीवर परतला. चंद्रभागाबाई मुलीकडे पाहत होत्या. मुलगी कागदावर रेघ ओढत होती.

"झालं माझं," असे म्हणून त्या बसल्या. मिनिट अजून अर्धेही झाले नव्हते.

आकडे वाचताना आम्रपालीचा आवाज स्वच्छ, सावकाश होता. अगदी शिकवल्याबरहुकूम. "अवधूत सर, चार. कल्याणीताई, दोन. चंद्रभागा..." ती थांबली. थांबण्याला घंटा नसते. "पाहुण्या, तीन."

टाळ्या झाल्या. अवधूत नीरजाताईंकडे झुकले. "शिष्या तयार केलीत हो. आईलासुद्धा सोडलं नाही!" आणि पुढच्या रविवारच्या वक्त्यांत त्यांनी आम्रपालीचे नाव लिहून टाकले.

चहाच्या वेळी चंद्रभागाबाई भिंतीशी एकट्याच उभ्या होत्या. नीरजाताई मनात वाक्य नीट जुळवून त्यांच्यापाशी गेल्या.

"अहो, ते... म्हणजे, माझंच तिला सांगायचं..."

तेवढ्यात आम्रपाली कप घेऊन आली. तिचा चेहरा उजळला होता. "आई, पुढच्या रविवारी माझं भाषण आहे! येशील ना ऐकायला?"

चंद्रभागाबाईंनी बोलायला तोंड उघडले. मग त्यांची नजर मुलीच्या हाताकडे गेली. हातात नुसता चहाचा कप होता. तरी त्यांनी तोंड मिटून घेतले आणि होकारार्थी मान हलवली.