तिसरीची विहीर

बिरूची दैवशाला तिसरीत गेली. आता तसं काही झालंच नाही असं समजून पुढं वाचा. वालूरच्या अलीकडची अख्खी वाडी तसंच समजून बसली आहे.

निजाम नुकताच गेला होता. शाळेतून उर्दू गेली, मराठी आली, पुस्तकं मात्र आलीच नाहीत. म्हणून बन्सीधर मास्तर रोज एक घरगुती शब्द द्यायचे आणि पोरं त्याचं वाक्य करायची. पहिलीचं दोन शब्दांचं. दुसरीचं जरा लांब. तिसरीनं कारणही सांगायचं. अट एकच, वाक्य खरं पाहिजे.

एकदा शब्द दिला, आई. पहिली म्हणाली, "आई गेली." दुसरी म्हणाली, "आई रागानं माहेरी गेली." तिसरीनं कारण सांगितलं. संध्याकाळी ते कारण स्वतः काठी घेऊन शाळेत आलं.

'कोंबडी' या शब्दानंतर दोन भावक्यांचं बोलणं तुटलं. मग आईबाप एकेक करून मास्तरांकडं यायला लागले. "मास्तर, पोराला दुसरीतच नापास करा. लय उपकार होतील." तिसरी ओस पडली.

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले, किशनराव पाटलांकडं जेवून.

"तिसरी नाही? मग शाळा बंद करावी लागेल."

दैवशाला दुसरीत होती. शाळा बंद झाली की उद्यापासून मेंढरांमागं, असं बापानं बजावलेलं. ती उठलीच.

"मी हाय तिसरीत."

"बरं," मास्तरांकडून वाक्यांची रीत ऐकून साहेब म्हणाले. "शब्द घे, विहीर."

वाडी दाराशी गोळा झाली होती. पुढं किशनराव. मास्तरांच्या हातातला खडू मोडला.

"सरकारी विहीर किशनरावांच्या मळ्यात हाय," दैवशाला म्हणाली.

"हे दुसरीचं झालं," साहेब म्हणाले. "कारण?"

"ए पोरी, खाली बस!" किशनराव ओरडले. "बिरू, तुझ्या लेकीला आवर!"

बिरूनं पागोटं काढलं, झटकलं, परत घातलं.

"कारण," दैवशाला म्हणाली, "जागा बघायला आल्याले सायेब बी किशनरावांकडंच जेवले."

मास्तरांनी मोडक्या खडूनं ते फळ्यावर लिहिलं. साहेबांनी मिशीवरचं तूप पुसलं.

"पास," ते हळूच म्हणाले. "वाक्य पुसा."

तिसरी एका पोरीची झाली आणि शाळा वाचली. तिसरीत वाक्यांनंतर अर्ज शिकवतात. दैवशालानं पहिला अर्ज लिहिला तो असा:

मेहेरबान साहेबांचे सेवेशी. आमच्या वाडीतील बाया नदीवरून पाणी आणतात. तरी सदर सरकारी विहीर पाण्यासह उचलून वाडीत आणून ठेवण्याचा हुकूम व्हावा. किशनरावांच्या मळ्यात मागे जो खड्डा राहील, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.