घोडा सांभाळ

न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झाली होती, उरलेल्या गालावर फेस होता, आणि टॅलबटसाहेब खुर्चीतून ताडकन उठले. बाकावर नंबर लावून बसलेला शाळामास्तर एवढंच म्हणाला होता, "नदीपलीकडं कॅन्ससमध्ये गुलाम न्यायचे नाहीत. नवा मुलूख आहे, गुलामीपासून मोकळाच राहू दे."

"माझा माल मी कुठंही नेईन!" साहेब कडाडले. माल म्हणजे त्यांचा गुलाम सायलस. दुकानातला न्हावी तोच, वस्तरा हातात धरून मागंच उभा होता. त्याला विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

साहेबांनी पिस्तूल उपसलं. गिऱ्हाइकं बाजू घेत रस्त्यावर उतरली. "मी येईपर्यंत घोडा सांभाळ रे!" साहेब जाता जाता ओरडले. त्यांचा शब्द सायलसनं कधी खाली पडू दिला नव्हता. त्यानं घोडा सोडला आणि सरळ नदीपार नेला.

तेच भांडण पुढं अख्ख्या अमेरिकेत पेटलं, युद्ध झालं. गुलामीविरुद्ध लढणारी उत्तरेची फौज गावात शिरली तेव्हा तिच्या निळ्या गणवेशातला सायलस त्याच घोड्यावरून साहेबांच्या दारात उतरला.

"घोडा सांभाळलाय," तो म्हणाला. "राहिलेली दाढी करायची असेल तर बसा. आता मात्र पैसे पडतील."