पहिली पायरी

तात्या गुडघ्याला तेल चोळत होते. रोपवेचं नाव काढलं की ते भडकतात, म्हणून त्यांच्या लेकीनं, मुक्तानं, रायगडाचा विषय जपूनच काढला.

"रविवारी पहाटे निघू. रात्रीपर्यंत घरी."

"रोपवेची तिकिटं काढून ठेव," तात्या म्हणाले.

मुक्तानं मनात जुळवलेली सगळी उत्तरं वायाच गेली. 'राजाच्या गडावर पाळण्यात बसून जायचं का?' म्हणत हा माणूस दरवर्षी पायऱ्या चढला होता. आज त्यांनी भांडावं, असं तिला फार वाटलं.

तेलाची वाटी बाजूला सारत तात्या हळूच म्हणाले, "पण गाडी आधी पायऱ्यांपाशी घे. पहिल्या पायरीवर डोकं टेकवतो. इतकी वर्षं तिच्यावरूनच वर गेलो. तिला न सांगता दुसऱ्या वाटेनं कसा जाऊ?"