दाराखालची पाचर

विद्यापीठातलं मुलांचं शिबिर सांभाळणाऱ्या ताईंच्या पायाला भिंगरी लागली होती. मुलं आत असताना एकही दार बंद नको, म्हणून त्यांनी प्रत्येक दाराखाली लाकडी पाचर सारली होती. तरी सरांच्या प्रयोगशाळेचं दार बंद दिसलं आणि मनात पाल चुकचुकली. याच सरांनी त्यांना शिकवलं, नोकरीला लावलं. त्यांच्यावर संशय म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. शेवटी ताईंनी दार ढकललंच. आत सर होते आणि सूक्ष्मदर्शकावर वाकलेली एकच मुलगी. “अगं, गार हवा बाहेर जाते. आता माझ्यावरही पहारा?” सर हसले. “नियम आहे, सर,” पुटपुटत ताईंनी पाचर परत सारली आणि त्या ओशाळून वळल्या. मागे ठकठक झाली. मुलगी दाराशी येऊन टाचेनं पाचर आणखी आत ठोकत होती. “चल बाळा, दप्तर घे,” ताई म्हणाल्या.