साहेबांचं सहावं इंद्रिय

सर्व्हर मान टाकायच्या बेतात असला, की तो सांभाळणाऱ्या मुलीला निवृत्त साहेबांचा फोन हटकून यायचा. "सहज आठवण आली. सर्व्हर बरा आहे ना गं?" साहेबांना सहावं इंद्रिय आहे, असं अख्खं ऑफिस मानायचं.

आज तिने कमांड देऊन सर्व्हरची सगळी सेटिंग्ज स्क्रीनवर काढली आणि कपाळावर हात मारला. धोक्याचा मेसेज अजून साहेबांच्याच मोबाईलवर जात होता! हसत हसत तिने त्यांच्या घरी फोन लावला. तो काकूंनी उचलला.

"काकू, साहेबांना उगाच त्रास होतोय. त्यांचा नंबर आता काढून टाकते."

काकूंनी आवाज एकदम खाली आणला.



"नको गं, राहू दे. तो मेसेज येतो ना, त्याच दिवशी हे काय ती दाढी करतात."