दुसरं आसन

अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हल्ली घराचं दारही ओळखू येत नाही. पण आसन, पाणी, विभूती, बेल असं ओळीनं मांडून ठेवलं, की गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा अजून स्वतःच्या हातानं करतात. मी नुसती दारातून बघते.

"मंजू, तिचं बी मांड," ते रोज म्हणतात.

सासूबाईंना पोळ्यानंतर उदगीरच्या शेतात समाधी दिली. रीतीप्रमाणे त्यांचं इष्टलिंग त्यांच्यासोबतच मातीत गेलं. तरी मी वाद घालत नाही, दुसरं आसन मांडते.

आज ते उचलायला मी वाकले, तर आसन उबदार लागलं.

अप्पांचं इष्टलिंग त्यांच्या गळ्यात होतं. त्यांनी हसून मूठ उघडली.

"हे तिचं हाय. धुऊन आण गं, लई माती लागलीय."